शेंगदाण्यांवरची मनाई

विज्ञानाने मृत्यूला दारातच अडवलं आहे, असं शेषरावकाकांच्या सत्कारात आमच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर म्हणाले. काकांचं हृदय थकलं होतं आणि ठोका बिघडला तर धक्का देणारं यंत्र त्यांच्या छातीत बसवलं होतं. आमच्या पूर्णा गावात अशा कारणासाठी सत्कार पहिलाच. हेडमास्तरांनी शाल दिली, नारळ दिला आणि खोबरं खाऊ नका असं बजावलं.

काका रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. एखाद्या ठिकाणी गाडी हळू न्यायचा हुकूम निघाला, की ज्याने काढला त्यानेच तो उठवायचा, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. गिरजाकाकू एकदा रागाने "अंगणात खाट टाकायची न्हाई" म्हणून माहेरी गेल्या, तर त्या परत येईपर्यंत हा माणूस ऐन उन्हाळ्यात आत उकडत झोपला.

परभणीच्या डॉक्टरांनी मीठ कमी आणि पाणी मोजून, एवढंच सांगितलं होतं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण चार सफरचंदं आणि एक पथ्य घेऊन यायचा. कोणी वरण बंद केलं, शेजारच्या सुमनबाईंनी दूध आणि अंडी. हेडमास्तरांनी शेंगदाणे. काका प्रत्येक मनाई स्वयंपाकघराच्या दारामागे लाल पेन्सिलीने लिहायचे, पुढे सांगणाऱ्याचं नाव. वर्षभरात ताटात भाताची पेज उरली. दंड वाळले, गालफडं बसली. पण पायांवर सूज असल्याने वजनकाटा तेवढाच आकडा दाखवायचा, म्हणून सगळे समाधानी होते.

"काटा काय सांगायलाय?" काकू मला म्हणाल्या. "मानूस अर्धा ऱ्हायला. बाकी पानी हाय."

मी दोघांना परभणीला नेलं. डॉक्टरांनी यंत्र तपासलं, मग काकांचा दंड चिमटीत धरला. "यंत्र धक्का देईल, जेवू घालणार नाही. असे वाळत गेलात तर ते असूनही तुम्ही वाचणार नाही. वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, सगळं खा. मीठ तेवढं कमी."

परतीच्या गाडीत काका म्हणाले, "डाक्टर लय भला हाय. पर मनाई त्यानं कुटं लावली? ज्यानं लावली, त्यानं येऊन उठवावी."

"आन् तो न्हाई आला म्हंजी?"

"मंग गाडी हळू चालंल."

"गाडीच ऱ्हाईना झाली, हळू काय आन् जोरात काय!" काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी घरोघर गेलो. मनाई करायला लोक आपण होऊन आले होते. उठवायला कोणी चप्पल घालेना. "मी खा म्हनायचो आन् उद्या काई झालं तर? नाव माजं!" हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे दार वाजवायचाही कंटाळा येऊ लागला. एकट्या सुमनबाई आल्या. काकांनी त्यांच्यासमोर दोन ओळी खोडल्या आणि त्याच दुपारी अंडं खाल्लं. "मिठाबिगर खाल्लं की अंड्याला अंड्याची चव येतीय," म्हणाले.

त्यांना खरी आठवण यायची ती भाकरीबरोबरच्या शेंगदाण्याच्या चटणीची. हेडमास्तरांकडे मी तीनदा गेलो. "चारचौघांत दिलेला सल्ला मागे कसा घेऊ?" हे दोनदा. तिसऱ्यांदा, विचार करून सांगतो.

"काय म्हनले मास्तर?" काकांनी विचारलं.

"विचार करायलेत."

"करू द्या. मोठा मानूस हाय, टाइम लागंल."

वर्षभराची झीज काही अंड्यांनी भरून निघाली नाही. एका दुपारी काका दारात बसल्या जागी गेले. यंत्राने कसूर केली नाही. अंग दोनदा उडालेलं काकूंनी पाहिलं. उठवावं असं आत काही उरलं नव्हतं.

तेराव्याला काकूंनी मुद्दाम शेंगदाण्याची चटणी करायला लावली, मीठ घालून. हेडमास्तर काकांच्या शिस्तीवर चांगलं बोलले. जेवताना त्यांनी ती चटणी दोनदा मागून घेतली.