पेणच्या बाजारातली पोपटी

"हे ऑर्गॅनिक आहे का?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरायचं. रोह्याकडचा वाल तो! भातकापणी झाली की शेतात जी ओल राहते तिच्यावर पेरायचा आणि पुढे थंडीच्या दवावर सोडून द्यायचा. त्याला खत घालावं असं आमच्या घरात कधी कुणाच्या मनात आलं नाही, औषध फवारणं तर लांबच. पण पेणच्या शेतकरी बाजारात नुसतं "शेंगा घ्या" म्हटलं की गिऱ्हाईक न थांबता पुढे निघून जायचं, म्हणून नवऱ्याने एका पुठ्ठ्यावर "सेंद्रिय" असं रंगवून दिलं होतं. त्या पुठ्ठ्याशेजारी बसले की मला उगाचच परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

कंपनीतलं पॅकिंगचं काम मी त्या वर्षीच्या पावसाळ्यात सोडलं होतं. नवरा नागोठण्याच्या बाजूला शिफ्टला जायचा, त्यामुळे घर चालत होतं. पण मला माझ्या हाताने पिकवलेलं विकून जगायचं होतं, आणि हे मी घरात इतक्या तोऱ्यात जाहीर केलं होतं की माघार घेतली असती तर नाकच कापलं गेलं असतं. मुळा, माठ, वांगी कशीबशी खपायची. शेंगांपुढे मात्र हात टेकले होते. पेणकरांच्या दारातच वाल, ते कशाला विकत घेतील? आणि अलिबागला निघालेले मुंबईकर आमच्याकडे न बघता थेट वडखळ गाठायचे.

अशात ठेकेदाराचा निरोप आला. पॅकिंगमधली माझी जागा सोमवारपासून परत मिळेल, फक्त शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं. शनिवार म्हणजे नेमका बाजाराचा दिवस. सासूबाईंनी निरोप ऐकला आणि पदर खोचला.

"मी येतंय बाजारात. माज्या डोल्यांनी बघतंय. शेंगा खपल्या तर खपल्या, नायतर सोमवारी गुमान डबा भरायचा गो."

सासूबाई जन्मात कधी बाजारात विकायला बसल्या नव्हत्या. टेम्पोत मात्र पुढची जागा पटकावून बसल्या, आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक शेताला नावं ठेवत पेणला पोचल्या.

दुपार झाली तरी दोन पोती शेंगा तशाच. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि त्यांचं ते न बघणंच मला जास्त झोंबत होतं. तेवढ्यात पनवेलहून आलेली एक बाई थांबली. पेणला गणपतीची मूर्ती ठरवायला आली होती. शेंग हातात घेऊन म्हणाली, "ह्याचं करतात काय?"

बस! माझं टाळकं सटकलं. "थांबा, दाखवतेच," म्हटलं आणि उठले. समोरच्या कुंभाराकडून मडकं आणलं, वाण्याकडून मीठ आणि ओवा. शेंगा ताज्या राहाव्यात म्हणून भांबुर्डीचा पाला पोत्यात होताच. बांधावर ते झुडूप फुकट माजतं, आणि त्याच्या वासावाचून पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, होत नाही. राहिला जाळ. बाजाराच्या मागे गणपतीचा कारखाना होता. तिथे मूर्ती बांधून पाठवायला पेंढा असतो हे अख्ख्या पेणला ठाऊक. मालकांकडे भाराभर मागितला. त्यांना वाटलं बसायला हवा असेल, त्यांनी काही न विचारता दिला.

मी मडकं भरायला लागले तशा सासूबाई पुढे सरकल्या. "अगो, मीठ असं टाकतात? सर तिकडं." तळाला पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, वरून परत पाला ठासून मडकं मोकळ्या कोपऱ्यात उपडं घातलं आणि भोवती पेंढा रचून पेटवला. पाण्याचा थेंब नाही. आणि मग काय विचारता! शेतात धूर आभाळात जातो. इथला धूर सरळ कारखान्यात शिरला.

आत माघी गणपतीचं रंगकाम चाललं होतं. मालक खोकत, शिव्या गिळत बाहेर आले. "ओल्या रंगावर काजळी बसली म्हणजे? भरून कोण देणार?"

मी माफी मागायला पुढे झाले. सासूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "पेंढा तुमीच दिलाव ना? वरडू नका. पानी शिपडा मडक्यावर, बघा झाली काय."

पेणचा माणूस तो. रागात होते तरी त्यांचा हात आपोआप तांब्याकडे गेला. मडक्यावर पाणी चर्र झालं आणि तिथल्या तिथे आटलं. "झाली," मालक एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "अरे, या रे सगळे!"

मडकं उघडलं. तो वास! कारखान्यातले कारागीर रंगाळलेल्या हातांनीच आले. कांदेवाली आली, कुंभार आला, गणपती बघायला आलेली माणसं पिशव्या सावरत आली. पनवेलच्या बाईंनी एक शेंग सोलून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि पर्स उघडून म्हणाल्या, "कशा दिल्या?"

मी तोंड उघडलं आणि भाव तोंडातून निघेना. खरंच सांगते, पोपटीला भाव असतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. जो पेटवतो तो सगळ्यांना वाढतो, एवढंच माहीत. मी सासूबाईंकडे बघितलं, तर त्या आधीच कागदावर ढीग घालून वाटत सुटल्या होत्या. "पैशे? पोपटीचे? खा गो बाय, खा!"

मग दुसरं मडकं लागलं, तिसरं लागलं. पेंढा मालक स्वतः आणून देत होते. मी हसत होते आणि एक डोळा पोत्यांवर होता, कारण ती रिकामी होत होती आणि गल्ल्यात दमडी पडत नव्हती. एकदा वाटलं, हे सगळं थांबवावं. पण सासूबाई एका कारागिराला शेंग कशी सोलायची ते शिकवत होत्या, तो मुद्दाम चुकत होता, आणि त्या खो खो हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. कोण थांबवणार?

बाजार उठायच्या वेळेला पोती झटकून घडी केली. संपलं, मी मनात म्हटलं, सोमवारी डबा. तेवढ्यात पनवेलच्या बाई परत आल्या. त्यांना पुढच्या शनिवारी कच्च्या शेंगा हव्या होत्या, सोसायटीत पोपटी लावायला, आणि पाला आठवणीने. त्यांच्या मागे आणखी दोघं उभे होते. कारखान्याच्या मालकांनी तर "आमचं पोतं वेगळं ठेवा" असा हुकूमच सोडला.

फोन वाजला. ठेकेदार. मी कानाला लावणार तोच सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला.

"ती नाय येनार," त्या म्हणाल्या. "तिला कामाला याला येल मिलनार नाय. आनि मलापन नाय."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी कपाळावरची काजळी पदराने पुसली आणि माझ्यावर डोळे वटारले. "शेंगांना भाव लाव गो. चांगला लाव, लाजू नको. पन पयलं मडकं बाजाराचं. त्याला भाव लावलास तर मी येनार नाय."

आजही थंडीत आमचं घर त्या शेंगांवर चालतं, आणि पहिल्या मडक्याला अजून कुणी भाव लावलेला नाही.