अक्कांचे डोळे आणि बिबड्यांचा परवाना

धरणगावात बिबडे कुणी विकत घेत नाही. ज्याच्या त्याच्या गच्चीवर उन्हाळ्यात होतात, विकत काय घ्यायचे? ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर हाताने पातळ थापायचा आणि खाटेवर वाळवायचा. म्हणून जळगावच्या एका दुकानदाराने माझ्याकडे बिबड्यांची पाकिटं मागितली तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, जळगावकरांच्या गच्च्या गेल्या कुठे? पण हसता हसता मी हो म्हणून बसले, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आम्ही तिघी. माझ्या सासूबाई, त्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते, शेजारच्या आपा, ज्यांच्यासारखा पातळ बिबडा थापणारी बाई मी तरी पाहिली नाही, आणि मी. मी म्हणजे हिशेब, पिशव्या, फोन आणि आरडाओरडा. ज्वारी निवडायचं काम अक्कांचं. सूप मांडीवर घेऊन बसल्या की तोंड चालू, हात चालू, आणि खडा टिचकीने थेट अंगणात. त्यांच्या सुपाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "तुमले काय समजस त्यातलं?" एवढ्यात विषय संपायचा.

पहिली पाकिटं आठवड्यात परत आली. दुकानदाराच्या तक्रारी दोन. एक, बिबड्यांत काळे ठिपके आहेत, गिऱ्हाईक विचारतंय हे काय. दोन, पाकिटावर परवान्याचा नंबर नाही. काळे ठिपके ऐकून अक्का म्हणाल्या, "तीळ व्हतीन." आम्ही पांढरे तीळ घालतो. मी ते बोलून दाखवलं तर त्यांनी अशी काही नजर टाकली की मी परवान्याकडे वळले.

आता परवाना म्हणजे आमच्यासारख्या लहान धंद्याला नुसती नोंदणी, सोपं काम, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. सांगणाऱ्यांपैकी एकानेही ती केलेली नव्हती. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातल्या माणसाने पहिलाच प्रश्न टाकला, "मालाचा प्रकार?" म्हटलं, बिबडे. त्याने यादी वरून खाली, खालून वर फिरवली. बिबडे नव्हते. "पापड टाकू?" मी म्हटलं, पापड वेगळा, बिबडा वेगळा. तो म्हणाला, "ताई, सरकारला दोन्ही गोलच." शेवटी पापड झाले. मग जागेचा पुरावा. लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर. "त्यांची हरकत नाही असं लिहून आणा." म्हटलं, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि असते तरी हरकत घेतल्याशिवाय राहिले नसते. त्या बिलावरचं नाव बदलायला माझ्या तीन चकरा झाल्या. पाण्याची तपासणी झाली. पाकिटावर काय काय छापायचं ते मी वहीत उतरवून घेतलं. एवढं करून मी घामाघूम घरी आले तेव्हा हातात शेवटचा कागद होता. मालाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाची डॉक्टरकडून तपासणी. अंग, कातडी, डोळे. डॉक्टरने योग्य लिहिलं तरच मालाला हात लावायचा.

मी वाचून दाखवलं. आपा म्हणाल्या, बरं, उद्याच जाऊ. अक्का काहीच बोलल्या नाहीत. अक्का बोलत नाहीत म्हणजे घरात काहीतरी शिजतंय, एवढं मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना उपास निघाला. तिसऱ्या दिवशी अमावास्या. चौथ्या दिवशी गच्चीवर वाळवण होतं आणि राखायला कुणी नव्हतं; मी पोत्याचं बुजगावणं उभं केलं तर म्हणाल्या, त्याला कावळे ओळखतात. मला वाटलं रक्त काढायच्या सुईला घाबरतात. "अक्का, नुसती मुंगी चावल्यासारखं होतं," मी समजावते आहे, आणि त्या "मी काय आजारी शे का व?" म्हणून माझ्यावरच डाफरताहेत. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर, माहेरवाशिणी यायची वेळ, आखाजीच्या ऑर्डरसाठी दुकानदाराचे फोन. माझं डोकं फिरलं. म्हटलं, उद्या आला नाहीत तर रिक्षावाल्याला सांगून उचलून नेईन.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून तयार. लुगडं धुतलेलं, केस चापूनचोपून, आणि ओठ हलताहेत. मला वाटलं नामस्मरण चाललंय.

दवाखान्यात आपांची तपासणी झाली. मग अक्का आत गेल्या, मी मागे उभी. डॉक्टरांनी छाती तपासली, हात उलटेपालटे करून पाहिले, अक्का खूश. मग डॉक्टर म्हणाले, "आता डोळे बघू, अक्का. त्या खुर्चीवर बसा." अक्का बसल्या, ताठ झाल्या आणि सुरू. "वर. खाली. दरवाज्याकडे. भिंतीकडे. भिंतीकडे. वर."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना तक्त्यावर तीन दांड्यांची खूण दाखवतात, तोंड कुठे आहे ते सांगायचं. अक्कांनी सगळ्या ओळी बिनचूक सांगितल्या. फक्त आपांसाठी अक्षरांचा तक्ता लावला होता, हा खुणांचा तक्ता डॉक्टरांनी अजून भिंतीला लावलाच नव्हता. तो टेबलावर पालथा पडला होता.

मला हसू आवरेना. हसत हसत मी बाहेर बाकावर बसलेल्या आपांकडे पाहिलं, तर आपा पदरात तोंड लपवून बसलेल्या. विचारल्यावर कबूल झाल्या: त्या आदल्या दिवशीच दवाखान्यात येऊन तक्ता पाहून गेल्या होत्या, आणि रात्रभर अक्कांनी तो पाठ केला होता. म्हणजे आपांना माहीत होतं. मग माझं हसू हळूहळू विरलं. डॉक्टरांनी बॅटरी धरून डोळे पाहिले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, उजव्याने तर फक्त उजेड-अंधार कळत असेल, आणि हे काही आजचं नाही.

इतकी वर्षं त्या बोटांनी निवडत होत्या. खडा बोटाला कळतो, माती कळते. पण ज्वारीला काणी लागते तेव्हा दाणा हाताला दाण्यासारखाच लागतो, आत काळी भुकटी असते. दाणा काळपट पडलाय हे फक्त डोळ्याला दिसतं. दुकानदाराचे काळे ठिपके मला तिथे दवाखान्यात समजले.

डॉक्टरांनी कागद कोराच ठेवला. मी चक्क गळ घातली, लिहा ना योग्य, आखाजीपुरतं. ते म्हणाले, "तुम्ही खाणार का तो माल?" मी कोरा कागद पिशवीत टाकला. रिक्षात अक्का म्हणाल्या, "आता सूप तू घेशीन." मी म्हटलं, ऑपरेशन करून घ्या, सूप तुमचंच आहे. "अन् नही दिसनं तं?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मंग मी दिवसभर काय करू व, माय?" मला त्यांच्यावर राग येत होता आणि स्वतःवर त्याहून जास्त. एका घरात राहून मला दिसलं नव्हतं.

आखाजीची ऑर्डर हातची गेली. दुकानदाराला मी खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, पावसाच्या आधी द्या, पण नीट द्या. धुळ्याला माझी नणंद असते, तिथे अक्कांचं ऑपरेशन झालं. महिन्याने परत आल्या त्या चष्मा लावून आणि योग्य असं लिहिलेला कागद ब्लाऊजमध्ये घालून. चहासुद्धा घेतला नाही. "सूप आन."

मी आदल्या दिवशी निवडलेली ज्वारी सुपात ओतली, म्हटलं शाबासकी मिळेल. त्यांनी दाणे पसरले. एक काळपट दाणा उचलला, नखाने फोडला, बोटावरची भुकटी चष्म्याजवळ नेली. मग दुसरा. मग तिसरा. माझ्या निवडीला शिव्या पडणार म्हणून मी तयारीत होते.

"हाई ऱ्हाई जात व्हतं का?" त्या म्हणाल्या. मग चौथा दाणा फोडला. "इतला वरीस मी तुमले हाईच खावाडं का व?"

मी म्हटलं, "हो. आणि आम्ही मागून मागून खाल्लं."

त्या हसायला लागल्या आणि त्यातच रडायला लागल्या, आणि मीही. मग एकदम चष्मा सावरून माझ्यावरच ओरडल्या, डॉक्टरने डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून बजावलंय, आणि ही बया मला रडवते.