सहा महिने सरांचे, सहा महिने माझे

काकूंचा फोन आला तेव्हा मी मोहाडीला, आमच्या कॉलेजच्या कोर्टवर मुलींची प्रॅक्टिस घेत होते. काकू म्हणजे लांजेवार सरांच्या पत्नी. सर सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच गेले, एवढंच त्यांनी सांगितलं. रडू नंतर आलं, आणि पोटभर आलं. पण खरं सांगायचं तर सगळ्यात आधी माझ्या मनात आलं ते असं, की कप सध्या सरांकडे आहे... आणि मला फार बरं वाटलं. माणूस गेल्याची बातमी कळते आणि हिला कप सुचतो, असं म्हणून कुणी नाक मुरडेल, तर मुरडो. सरांना माझा हा विचार नक्की आवडला असता.

साकोलीच्या कॉलेजात सर खेळाचे शिक्षक होते आणि बास्केटबॉल हा त्यांचा जीव की प्राण. मी तिथं शिकायला आले तेव्हा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला होता आणि सरांनी ती वाटणी फार मनाला लावून घेतली होती. "उंच पोट्ट्या साऱ्या तिकडं गेल्या, आपल्या वाट्याले ह्या आल्या," असं ते आमच्या तोंडावर म्हणायचे आणि सुस्कारा सोडायचे. संघातली सगळ्यात उंच मी, आणि मी सरांच्या जेमतेम खांद्याला लागत होते. सिमेंटच्या कोर्टला मधोमध भेग गेलेली, एका रिंगला जाळी नाही, आणि पावसाळा लागला की निम्मा संघ गायब. कारण रोवणी. धानाची रोपं लावायला आम्ही सगळ्याच जायचो, कुणी घरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कुणी दुसऱ्याच्या.

असंच एकदा आठवडाभर प्रॅक्टिसला गेले नाही, तर सर मला शोधत थेट आमच्या गावी आले. मी चिखलात, सर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभे. आता सगळ्या बायांसमोर माझा उद्धार होणार म्हणून मी मान खाली घालून रोपं लावत राहिले. पण सरांचं लक्ष बायांच्या पायांकडे होतं. रोवणीच्या बाया ओळीनं, कमरेत वाकून, मागे मागे सरकत जातात, लावलेलं रोप पायाखाली येऊ नये म्हणून. पाय पोटरीपर्यंत रुतलेले असतात, तरी तोल जात नाही आणि ओळ मोडत नाही. सर ते बघतच राहिले... शेवटी माझ्या आईनं विचारलं, "काय पाहून राहिले वो सर?"

"डिफेन्स पाहून राहिलो, बाई," सर म्हणाले.

आईला काही कळलं नाही. तिनं त्यांना झाडाखाली बसवून भात-भाजी वाढली आणि सरांनी ती दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून आमची प्रॅक्टिसच बदलली. उड्या मारायला लावणं बंद झालं. "उंची मी देऊ शकत नाही. पाय चिखलात आहे समजा, अन् वाकून मागं सरका!" एवढाच मंत्र. समोरच्या संघातली मुलगी बॉल घेऊन कुठूनही येवो, आम्ही तिच्यापुढे वाकून मागे सरकत राहायचो आणि तिला वाट द्यायचो नाही. नागपूरच्या उंच, पांढऱ्या बुटांच्या मुली रडकुंडीला यायच्या. आमचे गुण फार व्हायचे नाहीत, पण त्यांचेही व्हायचे नाहीत. त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो आणि हरलो.

इथं मला सरांची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण शोकसभेत ती कुणी सांगितली नाही. तिथं सगळे म्हणत होते, सरांना मानसन्मानाचा सोस नव्हता. अहो, होता! विद्यापीठ दरवर्षी एका प्रशिक्षकाला वर्षातला उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून कप देतं, आणि तो कप सरांना हवा होता. लहान मूल जत्रेत खेळणं मागतं तितका उघड हवा होता. घरातल्या शोकेसमध्ये त्यांनी मधल्या खणात त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती, खाली काकूंच्या हातचा क्रोशाचा रुमालसुद्धा अंथरलेला. पण जिंकणाऱ्या संघाच्याच प्रशिक्षकाला तो कप द्यायचा असा रिवाज पडलेला, आणि सरांचा संघ कायम दुसरा. वर्षानुवर्षं काकू तो रुमाल धुऊन परत अंथरत राहिल्या.

मी पुढे खेळाचंच शिक्षण घेतलं आणि मोहाडीच्या कॉलेजात लागले. मुलींना काय शिकवायचं हा प्रश्न मला कधी पडला नाही, माझ्याकडे एकच विद्या होती. आणि सरांच्या निवृत्तीच्या वर्षी नेमकं व्हायचं तेच झालं. फायनलला एका बाजूला साकोली, दुसऱ्या बाजूला मोहाडी. सरांची ही शेवटची संधी होती, हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, चहा देणाऱ्यालाही माहीत असावं. मॅचच्या आधी सर माझ्याजवळ आले.

"काय व प्रज्ञा, रिटायरमेंटचं गिफ्ट देऊन राहिली का मले?"

"नाही सर."

"देजो बी नको. ढिली पडली तर तुह्यं तोंड पाहणार नाही." पण हे म्हणताना त्यांची नजर मंचावरच्या कपाकडे होती, ते मी पाहिलं.

मॅच बघणारे कंटाळले असतील. दोन्ही संघ वाकून मागे सरकतायत, कुणी कुणाला पुढे जाऊ देत नाही, दोन्हीकडे रोवणीच चाललेली. अगदी शेवटी एका गुणानं आम्ही पुढे होतो आणि बॉल सरांच्या कॅप्टनकडे होता. तिच्यासमोर माझी रोशनी, अड्याळची, अंगानं काडी. रोशनी वाकून मागे सरकत राहिली, सरकत राहिली, आणि शिट्टी वाजेपर्यंत तिनं रिंगचं तोंड दिसू दिलं नाही. मुलींनी मला उचललं. मी वरून सरांकडे पाहिलं तर ते जमिनीवर पाण्याची बाटली शोधत होते, जी त्यांच्या हातातच होती.

सर रुसले. हो, रुसलेच. पुढे कितीतरी महिने फोन उचलला नाही. शेवटी दसऱ्याच्या दिवशी मी पिशवीत कप घेऊन साकोलीला गेले. वाटेत बसमध्ये छोटंसं भाषण पाठ केलं होतं. सर नको म्हणतील, मी आग्रह करीन, ते डोक्यावर हात ठेवून कप परत देतील, असं सगळं मनात रचलेलं. मी म्हणाले, "सर, हा खरं तर तुमचाच..." पुढचं भाषण राहूनच गेलं. सरांनी दोन्ही हातांनी कप घेतला, शोकेस उघडली आणि रुमालावर ठेवून दिला.

"अवो, पोरीचा कप होय तो!" काकू ओरडल्या.

"इले शिकवलं कोणं?" सर म्हणाले. मग चहा झाला, आपट्याची पानं दिली-घेतली, आणि जाताना माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "बरं, सहा महिने माह्या घरी, सहा महिने तुह्या घरी. चौदा एप्रिलले मी स्वतः आणून देतो."

आणि तसंच चाललं. दसऱ्याला मी कप त्यांच्याकडे नेत असे. चौदा एप्रिलला सर निळ्या झेंड्यांखालून वाट काढत, कडेवर मूल घ्यावं तसा कप घेऊन आमच्या घरी येत, आईच्या हातची खीर खात, आणि आलेल्या-गेलेल्याला सांगत, "ह्या पोरीनं मले हरवून आणला." हे सांगताना त्यांचा आवाज असा काही चढायचा, की जिंकलेला माणूस तोच वाटावा. रोशनी आता पवनीकडच्या कॉलेजात मुलींना शिकवते. या थंडीत तिचा संघ आमच्याशी सेमीफायनलला अगदी थोडक्यात हरला, तेव्हा सर मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसले होते. जाताना मला नाही, रोशनीला शाबासकी देऊन गेले. मला जरा रागच आला होता.

यंदा चौदा एप्रिलला कप आणणारं कुणी नव्हतं. काकूंनी निरोप धाडला, तुही पाळी आली, घेऊन जा. मी गेले. खुर्ची तिथंच होती... शोकेसमध्ये कप होता, आत दसऱ्याची आपट्याची पानं वाळून पडलेली. पण त्याच्या शेजारी काकूंच्या आवडीची चिनी मातीची बदकं असायची, ती नव्हती. तिथं दुसरा क्रोशाचा रुमाल अंथरलेला, वर काही नाही.

"काकू, बदकं कुठं गेली?"

"पेटीत. त्यायनंच टाकली. मी लय भांडली." काकू रुमालाची मुडपलेली कड सरळ करत म्हणाल्या, "रोशनी हरली ना, त्या दिवशी घरी आले अन् म्हणे, एखादं वर्ष अजून. मंग ते पोट्टी प्रज्ञाले हरवते. तिचाबी कप येथं येईन, जागा करून ठेव."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. काकूंनी कप पुसून पिशवीत घातला. पानं काढू दिली नाहीत. "दसऱ्याले वापस आणजो," म्हणाल्या.

बसमध्ये कप मांडीवर घेऊन आले. घरी तो त्याच्या जागेवर ठेवला आणि शेजारची फुलदाणी उचलून आईच्या खोलीत नेली. आई विचारत राहिली, काहून म्हणून. रोशनीला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि फुकट तर मी तिला एक गुणही देणार नाही. पण ती मला हरवून एखाद्या दसऱ्याला पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, हा खरं तर तुमचाच... तर मी नको गं वगैरे काही म्हणणार नाही. दोन्ही हातांनी घेईन.