शिडाचं पोट

पनवेलच्या खाडीत, बंदरापासून थोडं आत, एका इंग्रज साहेबाची शिडाची यॉट पाच-सहा वर्षं चिखलात आडवी पडली होती. स्वातंत्र्य मिळाल्यावर साहेब मायदेशी गेला. जाताना बंगल्याच्या माळ्याला सांगून गेला, की कुणी मनापासून मागितली तर होडी देऊन टाक. इतक्या वर्षांत मागणारा एकच निघाला, माझा मोठा भाऊ.

दादाचं पनवेलातच, पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. मी घरीच बायकांचा शिवणवर्ग चालवायची. वय तीस, लग्न झालेलं नव्हतं आणि आता होईल असं आईशिवाय कुणालाच वाटत नव्हतं. एका रविवारी दादा मला काहीतरी दाखवतो म्हणून खाडीवर घेऊन गेला. रंग उडालेली, कुशीवर कललेली ती होडी पाहून मला आधी वाईटच वाटलं. मग दादानं चाकूनं बाजूची एक फळी खरवडली. आत लालसर, तेलकट सागवान निघालं, जणू कालच रंधा मारलेलं. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मी हसायलाच लागले. घरी परत येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांचं बोलणं तोडत बडबडत होतो.

इंजिनाचं काम असतं तर दादानं एकट्यानं निभावलं असतं. पण लाकडाचं काम त्याला येईना. म्हणून तो उरणपलीकडच्या करंजाला जाऊन एका म्हाताऱ्या सुताराला घेऊन आला. या काकांनी आयुष्यभर मासेमारीच्या होड्या बांधल्या होत्या. त्यांनी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फळ्यांवर ठिकठिकाणी बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि सांगितलं, की बाहेरची कातडी चांगली आहे, आतल्या बरगड्या कुजल्या आहेत. दादा म्हणाला, लोखंडी पट्ट्या ठोकू. दुसऱ्या दिवसापासून काका बांधाबांधानं बाभळी बघत हिंडू लागले. होडीच्या आतल्या वळणाला जुळेल अशीच वाकलेली फांदी त्यांना हवी होती. अशा अकरा फांद्या मिळायला महिना गेला. पण पहिली बरगडी आत बसवली तेव्हा ती अशी चपखल बसली, की दादानं पट्ट्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचं काम मी शिकून घेतलं. वर्ग आटपला की साडीचा पदर खोचून मी खाडीवर. आईनं चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी स्वतःच डब्यात पोळीभाजी भरून दिली.

थंडी संपता संपता, पौर्णिमेच्या दुपारच्या उधाणाला आम्ही होडी पाण्यात ढकलली. बंदरावरची निम्मी माणसं दोर ओढायला आली होती. होडी तरंगली, सगळे ओरडले, आणि पाच मिनिटांत आत घोटाभर पाणी. शंभर जागांहून ते झिरपत होतं. मी डबा घेऊन उपसायला लागले. दादाचा चेहरा पांढरा पडला. काका काठावर बसून विडी ओढत होते.

"उपसू नको, बाय," ते म्हणाले. "सा वरसं तहानलेली हाय. पिऊ दे तिला."

लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात, हे त्यांनी आम्हाला मग सांगितलं. उथळ पाण्यात होडी काठापर्यंत भरून राहिली. चौथ्या दिवशी आम्ही सगळं पाणी काढलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर तळ नुसता ओलसर होता.

आता शीड. जुन्याच्या उंदरांनी चिंध्या केल्या होत्या. ते मीच शिवणार, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. जाड कॅनव्हासवर दोन सुया मोडल्यावर मशीन बाजूला ठेवलं आणि मेण लावलेला दोरा, दाभण घेऊन बसले. वर्गातल्या बायकाही ब्लाऊज शिवायचं टाकून शिडाला येऊन बसल्या. दादाच्या दुकानामागच्या अंगणात कापडाचे पट्टे सरळ रेषेत जोडून, इस्त्री केल्यासारखं सपाट, पांढरंशुभ्र शीड तयार झालं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

पहिल्या फेरीला वारा पाठीमागून होता तोवर होडी छान गेली. वळून वाऱ्याच्या तोंडाला लावली, तर जागची हलेना. पुढं जाण्याऐवजी आडवी सरकत सरकत चिखलाला लागली. भरती चढत होती म्हणून तरलो. दादा आणि काकांनी बांबूनं ढकलत होडी परत आणली. मी शिडाकडे बघत बसले होते. उतरताना काका हळूच म्हणाले, "शीवन झ्याक हाय. पन शिडाला पोट नाय, बाय. वारा ऱ्हानार कुटं?"

घरी येऊन मी न जेवता विचार करत बसले. अंगासाठी कापड बेततो तेव्हा आपण ते सपाट कुठं ठेवतो? टक घालतो, शिवण गोलाई देऊन घेतो. इतकी वर्षं मी हेच तर शिकवत होते. सकाळी उठल्याबरोबर अख्खं शीड उसवायला घेतलं. प्रत्येक पट्ट्याची कड डोलकाठीकडच्या बाजूला किंचित गोल कापली आणि पुन्हा जोडली. आता ते जमिनीवर पसरलं की नीट बसेना, मधे फुगवटा राहायचा. बायका म्हणाल्या, बिघडलं. मी म्हटलं, बिघडू दे.

अष्टमीच्या सकाळी, उजाडताना भरती होती. ओहोटी सुरू होताच आम्ही तिघं निघालो, करंजाला. काकांना घरी होडीनंच न्यायचं दादानं ठरवलं होतं. खाडीच्या तोंडापर्यंत जमिनीवरचा वारा पाठीशी होता. ऊन चढलं तसा तो पडला आणि थोड्या वेळानं समुद्राकडून आमच्या तोंडावरच आला. दादानं सुकाणू वळवलं. शीड दोन वेळा फडफडलं. तिसऱ्यांदा ते भरलं, आणि होडी एका कुशीवर कलून अशी सुटली, की पाणी बाजूनं फेसाळत धावू लागलं. वाऱ्याच्या अंगावर जात होतो आम्ही. मी शिडाच्या शिवणी एकेक करून डोळ्यांनी तपासत होते. एकही ओढ खात नव्हती.

काकांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, सुकानू बायकडं दे. शीड तिचं हाय."

उरण मागं टाकून करंजाला पोचेपर्यंत सुकाणू माझ्याच हातात होतं. बंदरात बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. काकांनी लांबूनच त्यांना ओरडून सांगितलं, की होडी या बाईनं आणली, शीडही हिनंच शिवलंय. त्यातली एक कमरेएवढ्या पाण्यात आली, शिडाची कड हातात धरून शिवण उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, आमच्या होडीचं शिवशील का?

पुढची अकरा वर्षं मी करंजाच्या होड्यांची शिडं शिवत होते.