माझ्या मायनं खोदलेलं तळं

"टोपलं उंबऱ्याबाहेरच ठेव," पाटील म्हणाले. "सीताफळं आत येऊ दे. तू न्हाई."

सीताफळं मीच तोडली होती. झुडपातनं हात माझेच ओरबाडलेले. ती ओसरीवर गेली. मी अंगणात, चपलांपाशी.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या डोंगरावरच्या गावाची माहिती लिहून घ्यायला एक साहेब आला होता. इथं पिकतं काय? पाटील सांगत होते, सीताफळ, गवत, थोडी ज्वारी. डोंगर उतरून ते बाजाराला कोण नेतं, हे साहेबानं विचारलं न्हाई. डोक्यावर वाहणाऱ्या आम्ही बाया. असू द्या.

मग त्यानं विचारलं, "गावचं तळं कुणी खोदलं?"

"आमच्या वडलांनी. दुष्काळात. कुणाला खरचटलंसुदिक न्हाई बघा."

माझ्या कानात दरड कोसळली. खरं सांगते, तसाच आवाज. त्या बहात्तरच्या दुष्काळात मी आठ-नऊ वर्षांची. खोदकामावर दिवसाला मूठभर सुकडीचा कोरडा खाऊ मिळायचा, त्यावर माती वाहायची. माय खाली टिकाव मारत होती. वरून मुरूम आला. नुसता हात दिसत राहिला, हिरव्या बांगड्यांसकट.

पुढं तळं भरलं. आमच्या वस्तीला पायरी बंद. वरून कुणी ओतलं तर पाणी, न्हाईतर उन्हात उभं राहा. माय जिथं दबली, तिथल्या पाण्याला मी शिवायचं न्हाई!

"माझी माय मेली तिथं," मी म्हणाले.

साहेबाची पेन्सिल थांबली. पाटील हसले. "येडी हाय, साहेब. ए, टोपलं रिकामं झालं न्हवं? निघ."

साहेबानं मान खाली घातली अन् पान उलटलं.

मी निघाले. घरून घागर घेतली अन् सरळ तळ्याच्या पायऱ्या उतरले. वर काठावरनं पाटलीणबाई वरडल्या, "अगं ए, पाणी बाटंल की!"

"बाटू द्या, बाई. माझ्या मायला गिळलं तवा न्हाई बाटलं."

घागर बुडवली. भरून कमरेवर घेतली.

साहेबाच्या वहीत तिचं नाव आलं न्हाई. म्हणून पुढं म्हातारपणी नातीच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. आता मीच लिहिते. तिचं नाव गिरजा. हे तळं तिनं खोदलं.

अजून घागर बुडवताना पाण्याखाली तो बांगड्यांचा हात दिसतो. मी माझा हात मागं घेत न्हाई. घेणार बी न्हाई.