ओरडणारी मशीन, गप्प मशीन

दुरुस्तीच्या दुकानात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गिऱ्हाईक मशीन घेऊन येतं, मशीन घेऊन जातं, अन् किस्सा मात्र मागं ठेवून जातं. केजला आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माझं आणि सिद्धार्थचं, शाळेपासूनच्या दोस्ताचं. हल्ली तक्रार एकच येते, "मशीन लई ओरडायलीय." ओरडतं ते ग्राफिक्स कार्ड. व्हिडिओचं काम पडलं की ते तापतं, तापलं की त्याचे पंखे सुसाट सुटतात. त्यात आमच्याकडचं ऊन आणि धूळ. पण हा आवाज गप्प करण्यात आमचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नाही. बढाई वाटली तर वाटू द्या.

*

लग्नाची शूटिंग करणारे बाबाराव. एका नवरीचे वडील त्यांच्या स्टुडिओत गाणी निवडायला बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तुमी गिरणीबी चालवता का?"

बाबारावांना ते लागलं. तसेच मशीन उचलून आमच्याकडं आले. स्टुडिओच्या शेजारी गादीवाला. कार्डाच्या आत कापसाची अख्खी उशी निघाली. सिद्धार्थनं एका बोटानं पंख्याचं पातं धरून ठेवलं आणि ब्लोअर मारला. पातं मोकळं सोडलं तर हवेनं भलतंच फिरतं आणि पंखा कामातून जातो.

आठवड्यानं बाबाराव परत आले. व्हिडिओ तयार होईपर्यंत खुर्चीत डुलकी काढायची त्यांची जुनी सवय.

"पहिलं मशीनच्या आवाजात माझं घोरणं दबून जायचं," ते म्हणाले. "थोडा आवाज परत आणता येतो का?"

*

धर्मापुरीचे एक गुरुजी घरून ऑनलाइन गणित शिकवायचे. भर मे महिन्यात त्यांना एका पालकाचा फोन आला. मुलीच्या मोबाईलवर तास चालू असताना त्यांनी मागची घरघर ऐकली होती. मोठ्या आशेनं विचारत होते, "गुरुजी, तिकडं पाऊस झाला का?"

आम्ही कार्ड उघडलं. चिपची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. नवी लावली आणि पंख्याचा वेग कार्डाच्या तापमानाप्रमाणं लावून दिला. दुसऱ्या दिवशीच्या तासाला एकदम शांतता.

संध्याकाळी त्याच पालकांचा फोन. "उघडला का?"

*

कड्याच्या सरोजताई फ्लेक्सची डिझाइनं करतात. त्यांचं कार्ड गप्प करून दिलं, तर दुसऱ्याच दिवशी फोन, मशीन मेली म्हणून. आम्ही एसटीनं कडा गाठलं. ताई बटन दाबायच्या, आवाज येईना म्हणून पडदा उजळायच्या आतच पुन्हा दाबायच्या. सिद्धार्थनं मशीनच्या मागं हात धरला, तर गरम हवा येत होती.

"ताई, ती चालू व्हायलीय. तुमीच बंद करायल्यात."

पुढच्या वेळी गेलो तर मशीनच्या वर छोटा फ्लेक्स. हात जोडलेला त्यांच्या नवऱ्याचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: मशीन चालू आहे, बटन दाबू नये.

*

सिद्धार्थची माय, कौसाबाई. जयंतीला आसपासच्या गावांतून त्यांना गायला बोलावणं यायचं, आणि बारशाला पाळणा म्हणावा तो त्यांनीच. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही हेही सांगितलं. तेव्हा सिद्धार्थच्या बायकोला, प्रज्ञाला, दिवस गेले होते.

दुकानात येऊन सिद्धार्थ एवढंच म्हणाला, "मायचा पाळणा रेकॉर्ड करायचाय. ॲडमिट करायच्या आधी."

दुपारी शटर ओढलं, आतल्या खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या. माईक आमच्या दुकानातल्या मशीनला जोडला आणि माय गायल्या. ऐकून बघितलं, तर प्रत्येक ओळीमागं घरघर. गावभराच्या मशीनी आम्ही गप्प केल्या होत्या, आणि आमच्याच कार्डाच्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं. नवा पंखा यायला वेळ लागणार होता, आणि वेळच नव्हता.

मी सॉफ्टवेअरनं घरघर पुसली. ती गेली, पण माय डब्यातून बोलल्यासारख्या वाटायला लागल्या. सिद्धार्थनं कानाचे हेडफोन काढून ठेवले.

"ही माझी माय न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानं कार्डाचे स्वतःचे पंखेच काढून टाकले. कॅबिनेटचे दोन मोठे, सावकाश फिरणारे पंखे घेतले आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी कार्डाच्या उघड्या पत्र्यांवर बांधले. मी तापमानाच्या आकड्यावर नजर ठेवून बसलो. आकडा चढला, चढला आणि थांबला. खोली इतकी शांत झाली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोठी वाटायला लागली. मी त्याचा सेल काढला.

मायनं इकडंतिकडं बघितलं. "लाईट गेली का रे?"

"न्हाई माय. सगळं चालू हाय. तू गा."

माय डोळे मिटून गायल्या. सिद्धार्थनं पूर्ण वेळ पंख्यांकडं बघितलं, मायकडं एकदाही नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजही.

प्रज्ञाला मुलगी झाली. विहारात नामकरण होतं. पाळण्याभोवती बाया उभ्या राहिल्या आणि सवयीनं सगळ्यांनी मायकडं बघितलं. मग एकेकीनं नजर वळवली. सिद्धार्थनं मला खूण केली, मी रेकॉर्डिंग लावलं. मायचा आवाज विहारभर पसरला. ओळीच्या आधी त्या श्वास घ्यायच्या, तोसुद्धा ऐकू येत होता. बायांनी दुसऱ्या कडव्याला सूर मिळवला.

माय पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मोकळ्या हातानं खुणावलं: आवाज वाढव.