मावशीचा आवाज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा एवढी एक गोष्ट गाळून बाकी सगळं बोललो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या गावचे नाही, मतदार नाही — एवढंच कारण असेल. तरी सुरुवात कुठून करू, ते काही सुचत नाही.

गावात मला सरपंच म्हणतात ते तोंडावर. पाठीमागे मी अजून ‘मावशी’च आहे. रत्नागिरीपासून आत, समुद्र दिसत नाही असं आमचं गाव. आमच्याकडे नमनाचा खेळ होतो — आधी गण, मग गवळण. दूधलोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची पुढारी म्हणजे मावशी, आणि ती लुगडं नेसलेला पुरुषच असतो, रीतच तशी. पुष्कळ वर्षं ती मावशी मी केली. कमरेवर हात ठेवून मी नुसता उभा राहिलो तरी माणसं हसून लोटपोट व्हायची. ‘असली मावशी तालुक्यात नाही,’ म्हणायचे. कुठून आणलीस असं कुणी विचारलं, तर मी म्हणायचो, देवाची देणगी.

देवाची कसली? ती मी शेवंतीकाकीची उचललेली होती. काकी पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाडीतली. नवरा कधीच गेला, मुलगा-सून मुंबईला, नातवंडं तिच्यापाशी. तरुणपणी भाताच्या लावणीला मी तिच्या शेजारच्या खाचरात असायचो. कमरेवर एक हात, दुसऱ्या हाताचं बोट नाकाशी, आणि वाक्याचा शेवट वर नेऊन तिथेच सोडून द्यायचा — हे सगळं तिचं. मी फक्त चार पट मोठं केलं. गंमत म्हणजे नमनाला ती पुढेच बसायची आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. एकदा मला म्हणाली, “अशी बाय मी कुठंतरी बगितलीय रं, पन आठवत नाय.” मीही हसलो. तेव्हा सांगायला हवं होतं का? माहीत नाही.

मग निवडणूक आली. जुन्यांचा लोकांना कंटाळा आला होता आणि तालुक्याच्या पुढाऱ्यांना नवा चेहरा हवा होता. मला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तेच माझं भांडवल ठरलं — नवखा आहे, म्हणजे अजून खाल्लेलं नाही. विरोधक म्हणाले, लुगडं नेसून नाचणारा पंचायतीत काय दिवे लावणार? मी भर सभेत मावशीच्या आवाजात त्यांना उत्तर दिलं. सभा तिथेच फिरली आणि मी निवडून आलो.

नटानं निवडणूक लढवावी का, यावर आजकाल टपरीवरही वाद झडतो. माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, ह्याला विचारा. आणि मी मानभावीपणे सांगतो — कलाकाराला लोकांचं दुःख कळतं. केवढं गोड वाक्य! आमचे आधीचे सरपंच विश्रामभाऊ, सरळ आणि महाकंटाळवाणा माणूस. ग्रामसभेत कुणी उभं राहिलं की चष्मा लावायचे, कागद चाळायचे, नियम वाचून दाखवायचे. लोक जांभया द्यायचे. पण त्यांना हसवता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना उत्तर द्यावं लागायचं. मला तशी गरज कधी पडली नाही.

आता साकवाचं, म्हणजे पऱ्यावरच्या लहानशा पुलाचं सांगतो. पलीकडच्या वाडीची पोरं शाळेला पऱ्यातून येतात. पावसात पऱ्या फुगला की कुणीतरी मोठं माणूस त्यांना खांद्यावर घेऊन उतरवतं, नाहीतर शाळा बुडते. प्रचारात त्याच पऱ्याच्या काठावर उभा राहून मी म्हटलं होतं, पहिलं काम साकव. वाडीनं मला एकगठ्ठा मतं दिली. निवडून आल्यावर पुढारी म्हणाले, साकव कुणाच्या नजरेस पडणार? आधी देवळापुढे रंगमंच बांध, उद्घाटनाला आम्ही येतो. मी वाद घातला का? छे. मला तेच हवं होतं. माझ्या नावाचा दगड आणि त्याच्यासमोर बसलेली माणसं डोळ्यांपुढे येत होती. वाडीच्या तोंडाला पानं पुसली.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दुपारी काकी घरी आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. कमरेवर हात ठेवून उभ्या उभ्याच म्हणाली, “उद्या सभेत साकवाचं इचारनार हाय. मागनं म्हनू नको काकीनं घात केलान. काय सांगायचा ता ठरवून ये.”

म्हणजे तिनं मला वेळ दिला. चारचौघांत माझी फजिती होऊ नये म्हणून. एवढी सभ्यता तिनं दाखवली आणि त्या वेळेचं मी काय केलं?

इथेच ते आहे, जे आजवर बोललो नाही. गावात सगळ्यांची समजूत अशी की त्या दिवशी माझी जीभ घसरली. उचलली जीभ लावली टाळ्याला, कलाकारच तो, सुचलं ते बोलून गेला — असं लोक म्हणाले आणि मी म्हणू दिलं. पण सुचलं वगैरे काही नव्हतं. त्या संध्याकाळी मी मागच्या परड्यात आरसा लावून तालीम केली. तिचं उद्याचं बोलणं कसं असेल ते तिच्या आवाजात म्हणून पाहिलं, मग त्यावर मावशीचं उत्तर बसवलं, कुठे थांबलो की हशा येईल ते ठरवलं. बायकोनं आतून विचारलं, आत्तापासूनच नमनाची तालीम? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती उठली. हात कमरेवर. “बाळा, मतां मागायला आलास तवा साकव देतो म्हनलावतास. मग ह्या देवळाम्होरं काय बांदतास? पोरांनी पऱ्या काय गान्यावरनं वलांडायचा?”

प्रश्न सरळ होता. मी उठलो, कमरेवर हात ठेवला, बोट नाकाशी नेलं. “अगो बाय, ह्या वयात साकव कश्याला गो तुला? अल्याड कोन बसलाय वाट बगत?”

विधवा बाईला हे म्हणालो. भर सभेत.

पण त्यापुढचं माझ्याही तालमीत नव्हतं. इतकी वर्षं आम्हा दोघांचे आवाज लोकांनी कधी एकापाठोपाठ एक ऐकले नव्हते. मग मागून कुणीतरी म्हणालं, “आयला, मावशी म्हणजे आपली काकीच की!” आणि असा हशा उसळला की माझ्या उभ्या जन्मात एवढा मला मिळाला नव्हता. काकीनं माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या कमरेवरच्या हाताकडे पाहिलं. तिला आठवलं असणार, अशी बाई कुठे बघितली होती ते. तो हात तिनं सावकाश खाली घेतला आणि बसली. विषय संपला. रंगमंचाचा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला.

आणि सांगू? त्या हशानं मला आनंद झाला होता. लाज नंतर आली, पुष्कळ नंतर.

साकव अजून नाही. पोरं अजून पऱ्यातूनच येतात. आता पंचायत समितीसाठी माझं नाव चाललंय. पुढारी म्हणतात, ह्याच्याइतकी सभा कुणी हातात ठेवत नाही. खरं आहे. मी नालायक म्हणून हे घडलं असतं तर बरं होतं. पण ज्याला हे लोक लायकी म्हणतात, ती माझ्याकडे भरपूर होती.

काकी त्यानंतर ग्रामसभेला आली नाही. नमनालाही नाही. परवा बाजारात समोर आली. बरी आहेस ना काकी, असं विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला, दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली आणि मान हलवून गेली. वाडीतली माणसं सांगतात, घरातही ती हल्ली कामापुरतंच बोलते, अगदी हळू, सपाट. तो वर जाऊन सुटणारा सूर कुणी ऐकलेला नाही.

तो आता फक्त माझ्या गळ्यात आहे. यंदाच्या नमनातही मी तो लावला, माझ्या नावाच्या रंगमंचावर. टाळ्या पडल्या.